हातगाडीवरून आलेली होडी

शी! लवूच्या त्या होडीची आठवण आली तरी तोंड कडू होतं.

लवू डिलाईल रोडचा, गिरणीत मागावर. मी चंदू, वरळी कोळीवाड्यातला. आमची दोस्ती कबड्डीपासूनची. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला, मार्च सरला तरी मिटायचं नाव नाही. गावाहून मेव्हण्याचं पत्र आलं, पोरांना घेऊन निघून या. लवूला मुंबई सोडायची नव्हती. त्यानं ठरवलं, एकट्यानं वल्हवायची लहान होडी घ्यायची, अक्षय तृतीयेपासून गळानं मासे धरायचे. जमलं तर राहायचं, नाहीतर बिऱ्हाड उचलायचं.

माहीमला दोन होड्या विकायला होत्या. एक काळी, तेल पिऊन कुरूप झालेली, पण सांधा न् सांधा घट्ट. दुसरीला निळा नवाकोरा रंग. मी म्हटलं, "काळी घे." पण साहेबांना निळी पसंत!

"मी दर्याकाठचो माणूस. माका शिकवतंस?"

अरे मेल्या, जन्मलास दर्याकाठी, पण वीस वर्षं माग चालवलास ना?

बरं, घेतलीस तर पाण्यातून वल्हवत वरळीला आण. छे! हातगाडीवर चढवली आणि दादर, परळ करत डिलाईल रोडला नेली. का, तर चाळीला दाखवायची. वरातीतल्या नवऱ्यासारखा पुढे चालत होता. मला तर किळस आली.

तिथं पंधरा दिवस, एप्रिलच्या उन्हात, होडी अंगणात. बसायला खोक्याची फळी ठोकली. गळाच्या दोऱ्या गुंडाळल्या गिरणीतल्या बॉबिनवर. नांगर म्हणून त्याच्या बायकोचा, शेवंतीवयनीचा, वरवंटा! पुढं त्याच्या गावच्या देवाचा, वेतोबाचा फोटो, त्याला झेंडूचा हार. सगळं होतं, अक्कल तेवढी नव्हती.

होडी सुकू द्यायची नसते, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. लाकूड सुकलं की फळ्या आखडतात, सांधे उघडतात. तृतीयेच्या आदल्या दिवशी मी चाळीत गेलो, तर बुडाशी नख जाईल एवढी फट. दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवली असती तरी फुगून मिटली असती. मी सांगणार, तेवढ्यात लवू सगळ्यांसमोर म्हणाला, "आता ह्ये कोळी माझ्याकडसून शिकतले!"

लोक हसले. माझं टाळकं सटकलं. म्हटलं, जा, खा गटांगळ्या, मग उतरेल मस्ती. आणि गप्प बसलो.

दुसऱ्या सकाळी होडी वरळीच्या किनाऱ्यावर आणून तो एकटा निघाला, मी माझ्या होडीतून मागं. खडकापलीकडं पोचतो न पोचतो, त्याची होडी भरली. डब्यानं पाणी उपसताना त्याचा चेहरा मी पाहिला. दंड धरून त्याला ओढून घेतला. होडी खडकावर आपटून फुटली.

चौथ्या दिवशी बिऱ्हाड बांधून दोघं माझ्या दारात आले. वाचलेलं एक वल्हं त्यानं माझ्या हातात दिलं. "तू होतंस म्हणान वाचलंय रे," म्हणाला आणि रडायला लागला.

शेवंतीवयनी माझ्याकडे बघत होती. "भावजी, तुमका ती फट दिसली नाय काय?"

"नाही वयनी," मी म्हटलं.

ती पाया पडली माझ्या. थू माझ्या जिनगानीवर.