गंजक्या खिळ्यांचा डबा

चौथा बल्ब बसला तेव्हा दोन वाजून गेले होते आणि तिच्या मनगटाची साल निघाली होती. पुढच्या उजव्या दिव्यामागे, बॅटरी आणि पत्रा यांच्यामध्ये, जेमतेम चार बोटं मावतील एवढी फट. बाबांचा पंजा तिच्या दुप्पट. ते तिथून बल्ब कसा काढत, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांची गाडी आज चारला तपासणीला न्यायची होती. दादाचं म्हणणं सरळ होतं: एकोणीस वर्षांची गाडी, पास झाली तर तू ठेव, नाहीतर उद्या सकाळी भंगारवाला उचलून नेईल, मी त्याला शब्द दिलाय. दादा शब्द द्यायला फार उदार. मागचा डावा इंडिकेटर बाबा असतानाच उडाला होता. एक उडाला म्हणून त्यांनी चारही जागांसाठी एलईडी आणले आणि गाडीच्या खणात ठेवले. लावायला ते उरले नाहीत. काम त्यांचं होतं, तिला फक्त तडीस न्यायचं होतं.

ती गाडीत बसली आणि इंडिकेटरची दांडी खाली केली. दिवा लागला. पण त्याची टिकटिक नेहमीची नव्हती, दुप्पट वेगाने चालली होती. उजवीकडेही तेच. बाबा वळणावर थांबले की जो संथ ठोका ऐकू यायचा, त्याचा मागमूस नव्हता. वरच्या खिडकीतून आईने विचारलं, गाडीला धाप का लागलीय? तिने चारही बल्ब उतरवून पुन्हा बसवले. साल निघालेल्या जागी पुन्हा खरचटलं. धाप तशीच.

शेवटी तिने गाडीच्या जुन्या मेकॅनिकला फोन लावला. तो परगावी लग्नाला गेला होता आणि मागे बॅंड वाजत होता. त्याने ओरडून सांगितलं ते असं, की डॅशबोर्डखाली टिकटिक करणारी डबी असते, तिला फ्लॅशर म्हणतात. एलईडी वीज इतकी कमी खातो की जुन्या फ्लॅशरला वाटतं बल्बच उडाला, म्हणून तो बोंब मारतो. तपासणीवाले ही घाई बघूनच फुली मारतील. एलईडीचा फ्लॅशर बसवा, दहा मिनिटांचं काम. आज बाजाराची साप्ताहिक सुट्टी, दुकानं बंद, हे मात्र त्यालाही आठवलं. "बाबांनी नेला होता की ताई," तो म्हणाला. "माझ्यासमोर घेतला त्यांनी."

तिने बल्बचं रिकामं पाकीट उलगडलं. सकाळी घाईत फाडलेल्या झाकणाच्या आत बाबांचं बारीक, उभं अक्षर होतं: फ्लॅशर गंजक्या खिळ्यांच्या डब्यात.



बाबा डब्यावर कधी खरं लिहीत नसत. दादा लहानपणापासून पाने-पक्कड न्यायचा आणि परत म्हणून आणायचा नाही, त्यावर त्यांनी काढलेला हा तोडगा. चांगले ड्रिल 'तुटकी बटणं' मध्ये, नवे फ्यूज 'वाळलेला रंग' मध्ये. ही मेख घरात फक्त तिला ठाऊक होती. पंचवीस वर्षं तिने ती पोटात ठेवली होती. आणि तेराव्यानंतर माळा आवरायला घेतला तेव्हा, डोळ्यांपुढे ते अक्षर सारखं येत असताना, तिने आयुष्यात पहिल्यांदा त्यावर विश्वास ठेवला. गंजके खिळे कशाला हवेत, म्हणून सगळे डबे फाटकापाशी नेऊन ठेवले. संध्याकाळपर्यंत कुणीतरी नेलेही होते.

तीन वाजले. फाटकापाशी त्या दिवशी आणखी कोण आलं होतं ते तिने आठवून पाहिलं, आणि ज्याला फोन करायचा नव्हता त्यालाच केला.

डबे तूच नेलेस का, तिने विचारलं.

"मग? फुकट सोडू?"

"त्यावर गंजके खिळे लिहिलं होतं."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" दादा म्हणाला. "दहावीत असल्यापासून माहितीये मला. त्यांना वाटायचं मला कळत नाही, तर वाटू दिलं."

त्याला तो डबा घेऊन ये म्हणावं लागलं, तेही दोनदा. तो आला तेव्हा पावणेचार झाले होते, तपासणी केंद्र अर्ध्या तासावर होतं, आणि फ्लॅशर अजून पाकिटातच होता. दादा डॅशबोर्डखाली आडवा झाला. ती विजेरी धरून होती. तो डावीकडे म्हणे आणि हात उजवीकडे करी. एक तार जास्तीची निघाली, ती पत्र्याला जोडायची असते हे कळायला वीस मिनिटं गेली. दोघांनीही घड्याळाचा विषय काढला नाही. चारचे सव्वाचार झाले.

दादा कपडे झटकत उठला आणि गाडीमागे जाऊन उभा राहिला. लहानपणी या जागेवरून दोघांची मारामारी व्हायची; बाबा आत बसून दांडी हलवायचे आणि मागे उभा असेल त्याने सांगायचं.

तिने दांडी खाली केली.

"लागला," दादा म्हणाला. "विझला. लागला. विझला."

ठोका संथ होता. पुरे झालं तरी तो सांगत राहिला, आणि तिने दांडी तशीच राहू दिली.

मग त्याने खिशातून फोन काढला आणि भंगारवाल्याला सांगितलं, उद्या नको, तपासणीची नवी तारीख घ्यायचीय. पलीकडचा बराच बोलला. दादाने निमूट ऐकून घेतलं.

जाताना त्याने डबा काखेत मारला. तो रिकामा आहे, ठेव इथेच, ती म्हणाली.

"खिळे लागतात," दादा म्हणाला, आणि लिहिलेली बाजू आत वळवून घेऊन गेला.