कानाकडचा दोरा

मी एक काळा रेशमी दोरा बोलतोय. माझे भाऊ जखमा सांधतात. माझ्या वाट्याला वेगळंच काम आलं: कापून काढलेल्या कातडीची दिशा दाखवायची. एवढं साधं काम, तेही मला जमलं नाही, असं राहून राहून वाटतं.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांच्या उजव्या डोळ्याखाली पुटकुळी होती. ती निघाली घामाच्या ग्रंथीचा कर्करोग. क्वचित होणारा, कातडीखाली गुपचूप पसरणारा. जागा बधिर केली होती, पण काका जागेच होते.

"डॉक्टरसाहेब, पापणी तेवढी सांभाळा हं. भिंग मी याच डोळ्याला लावतो."

"गरज नसेल तर हातही लावणार नाही, काका," सर्जन म्हणाले.

सर्जन इथे नवे. त्यांच्या जुन्या रुग्णालयात दोरा कानाकडच्या कडेला बांधायची पद्धत. त्यांनी मला तिथेच बांधलं आणि तुकडा तपासायला पाठवला. इथल्या पॅथॉलॉजिस्ट बाई मात्र दोरा दिसेल ती बाजू वरची, असंच धरून चालतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना माझ्या अगदी शेजारी रोगाच्या पेशी दिसल्या. त्यांनी फोन लावला.

"वरची कड साफ नाही. पापणीकडून अजून घ्या."

"पापणीकडून? नक्की ना?"

"अहो, मी काय आज पहिल्यांदा बघतेय?"

"तसं नाही हो, बाई. घेतो."

कान! अरे, कान म्हणा कुणीतरी! दोन्ही खोल्या पाहिलेला मी एकटाच, आणि मला तोंड नाही. मीच जरा वेडावाकडा बसलो असतो, तर कुणाला शंका तरी आली असती का?

थोड्या वेळानं दुसरा तुकडा आला. त्याच्या कडेला पापणीचे केस होते.

"साफ!" बाईंनी आनंदानं फोनवर सांगितलं. साफ असणारच. तिथे काही नव्हतंच.

"काका, सगळं निघालं!" पलीकडून सर्जनचा आवाज आला.

"मग पापणी गेली तर गेली," काका हसत म्हणाले. "जीव वाचला."

आता मी फॉर्मॅलिनच्या बरणीत आहे, कानाकडची ती कड अजून धरून. डॉक्टरसाहेब, बाई, तुम्ही दोघंही हुशार आहात, मला ठाऊक आहे. काका टाके काढायला येतील, तुमचे हात हातात घेऊन आभार मानतील. त्याआधी एकदा एकमेकांना विचारा: दोरा कुठे बांधला होता?