पुसलेल्या मेलची प्रत

मित्रांनो, जिन्याखालच्या कोंदट खोलीत दिवसभर घुं-घुं करणारी काळी पेटी तुम्ही कधी पाहिली आहे का? तोच मी, काचेच्या कारखान्यातला जुना मेल सर्व्हर. तुमच्याशी बोलतोय खरा, पण मान वर करायची माझी हिंमत नाही.

मला बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने एक काम माझ्यावर सोपवले. इथून जाणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत ठेवायची. पाठवणाऱ्याने स्वतःकडचा मेल पुसला, तरी माझ्याकडची प्रत तशीच राहणार. साहेब खूश झाले. बाकीच्यांना हे सांगायचे मात्र कोणाच्या डोक्यात आले नाही. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. उलट मी चांगलाच फुशारलो होतो.

ऑफिसात काकू होत्या. गिऱ्हाइकांकडून खिडक्यांची मापे घेऊन त्या काच कापणाऱ्यांना मेल करत. पाठवण्याआधी शेजारच्या टेबलावरच्याला आकडे मोठ्याने वाचायला लावत. सगळे त्यांची थट्टा करायचे. "काकू, खिडकीच बसवायचीय, विमान नाही उडवायचं!"

एका दुपारी काकूंनी थोरल्या बहिणीला लिहिले, 'ताई, चष्मा बदलला तरी आकडे एकमेकांत मिसळतात. म्हणून दुसऱ्याकडून वाचून घेते. इथे कळलं तर मापांचं काम काढून घेतील. कोणाला बोलू नकोस.' मेल गेला आणि त्यांनी तो लगेच पुसून टाकला. पुसला म्हणजे संपला, असे त्यांना बिचारीला वाटले. मी प्रत ठेवून दिली.

पुढे एका गिऱ्हाइकाची तक्रार आली. काच वीतभर आखूड निघाली होती. सगळ्यांनी काकूंकडे पाहिले. साहेबांनी काकूंच्या मेलच्या प्रती माझ्याकडून काढल्या. माप अगदी बरोबर होते, चूक कापणाऱ्याची होती. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. तेवढ्यात साहेबांची नजर खालच्या, बहिणीला लिहिलेल्या मेलच्या प्रतीवर गेली आणि त्यांनी तीही वाचली.

"काकू, चूक तुमची नाही," साहेब अवघडून म्हणाले. "पण डोळ्यांचं तुम्ही लपवलंत."

काकूंचा चेहरा उतरला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सर्व्हरवर प्रत निघाली."

"मी तर तो मेल डिलीट केला होता."

"तुमच्याकडचा गेला. इथे राहतोच."

"मग हे आधी सांगायचं ना, साहेब," काकू हळूच म्हणाल्या. "बहिणीशी बोलत होते हो मी."

साहेबांनाही कानकोंडे झाले. तरी मापांचे काम काकूंकडून गेलेच. एकही माप चुकले नसताना त्यांना फोन घेण्याच्या कामावर जाऊन बसावे लागले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मला झाले. पण मी तर भिंतीला स्क्रूने आवळलेला!

मित्रांनो, जपून ठेवणे चांगलेच. पण ज्याचे शब्द जपता, त्याला आधी सांगा. नाहीतर तुमचे जपणे हे चोरून ऐकणेच ठरते.

हल्ली इथले सगळे मेल दोन ओळींत संपतात. काल काकूंनी बहिणीला लिहिले, 'ताई, मी बरी आहे. बाकी भेटल्यावर सांगते.' या वेळी त्यांनी तो पुसलाही नाही. त्याचीही प्रत माझ्याकडे आहे.