नूलाच्या उजव्या गालावर

मी बोलतोय तो गालांवर लाली फिरवायचा ब्रश. दाढीचा नव्हे आणि भिंतीचाही नव्हे. वीतभर लांबीचा, डोक्याला गोलसर, आयर्लंडमधल्या बॅलिना गावाबाहेरच्या एका बैठ्या घरात न्हाणीघराच्या फळीवर पडलेला. माझं पितळी कडं सैल झालंय. केसांत चार महिन्यांपूर्वीचा रंग तसाच सुकून बसलाय.

माझे केस शेळीचे. कुठल्या शेळीचे ते मला ठाऊक नाही, पण ज्या बाईने ते निवडले तिचे हात आठवतात. ती केसांची जुडी छोट्या वाटीत उलटी धरायची आणि टकटक आपटायची, म्हणजे टोकं आपोआप गोल व्हायची. कात्री लावायची नाही. टोक कापलं की केस गालाला टोचतो.

नूलाने मला पहिल्या पगारातून घेतलं. ती तेव्हा सतरा वर्षांची, औषधांच्या दुकानात प्रसाधनांच्या काउंटरवर नुकतीच लागलेली. दुकानात आम्ही बारा ब्रश होतो. तिने एकेक उचलून मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवला आणि मला ठेवून घेतलं.

पहिला चेहरा तिच्या धाकट्या बहिणीचा, ऑर्लाचा. ऑर्ला नऊ वर्षांची होती, नाचाच्या स्पर्धेला निघालेली आणि स्टुलावर एक क्षण स्वस्थ बसत नव्हती.

"हस बघू," नूला म्हणाली.

"हसू येत नाहीये."

"मग बाबा गाणं म्हणतात तसं आठव."

ऑर्ला फिसकन हसली. हसल्यावर गालाचा जो उंचवटा वर येतो, लालीची जागा तीच. नूलाने मला तिथे टेकवलं आणि कानाकडे ओढलं. पुढची सतरा वर्षं मी हेच केलं. शाळा संपल्याच्या मेजवानीला निघालेल्या मुली, नवऱ्या, करवल्या, एकदा तर एक आजी, जिला शवपेटीत निजवण्याआधी नूलाने तयार केलं. ती आजी सोडली तर प्रत्येकीला नूलाने सांगितलं, "हस बघू."

माणसं आरशासमोर कशी हसतात ते मी पाहिलंय. आधी खोटं हसतात, मग त्या खोट्याचंच हसू येतं. खरं हसू ते दुसरं.

ऑर्लाचं फिंटनशी लग्न ठरलं तेव्हा वेगळं काही ठरवावं लागलंच नाही. नवरीचा चेहरा नूला करणार. मुख्य करवली नूला. तिचा स्वतःचा चेहराही तीच करणार. चर्चमध्ये बायबलमधला पाठ ती वाचणार आणि लग्नाच्या नोंदीवर साक्षीदार म्हणून सहीही तिचीच. दाट हिरव्या साटीनचा झगा कपाटाच्या दारावर लटकत होता.

लग्नाला तेरा दिवस होते. सकाळी नूलाने चहाचा घोट घेतला आणि तो ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून हनुवटीवर आला. तिने पुसला. दुसरा घोटही तसाच आला. ती न्हाणीघरात धावली. मी फळीवर होतो. तिने आरशात पाहिलं आणि भुवया उचलल्या. एकच उचलली गेली.

तिची आई, फिलोमीना, मागून आली आणि दार धरून उभी राहिली. "मॅटी! गाडी काढ!" ती किंचाळली. मॅटी म्हणजे नूलाचे बाबा.

दुपारी सगळे परत आले. पक्षाघात नव्हता. चेहऱ्याची एक नस सुजली होती. गोळ्या मिळाल्या, डोळ्यासाठी मलम आणि झोपताना पापणीवर लावायची चिकटपट्टी.

"डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं बरं होतं," फिलोमीना परत परत सांगत होती.

"कधी ते नाही म्हणाले," नूला म्हणाली. ब, म, प ही ओठ मिटून म्हणायची अक्षरं तिच्या तोंडातून वाऱ्यासारखी निसटत होती.

पाच दिवस गेले. काही फरक नाही. तरी शनिवारी तिने ऑर्लाचा सराव-मेकअप करायला घेतला. हात ठणठणीत होते तिचे. स्वयंपाकघराच्या टेबलावर आम्ही सगळे ब्रश मांडलेले. तेवढ्यात फिंटनची आई, कॉन्सेप्टा, सफरचंदाचा केक घेऊन आली. वाईट बाई नव्हती ती, पण मनात आलेलं मनातच ठेवायची तिला सवय नव्हती.

"अगं नूला, या अवस्थेत तू कशाला दगदग करतेस? गॉलवे शहरातली एक बाई आहे, माझ्या भाचीचा मेकअप तिनेच केला होता. मी विचारून ठेवलंय."

नूलाने ऑर्लाकडे पाहिलं. ऑर्ला केकच्या डब्याचं झाकण उघडझाप करत होती.

"तुझ्यावर ताण नको म्हणून गं," ऑर्ला म्हणाली. "आणि फोटोवाल्याला सांगू, तुझे सगळे डावीकडून काढ म्हणून. कळणारसुद्धा नाही."

नूलाने मला उचललं, टिशूवर पुसलं आणि पिशवीत ठेवलं. माझी सगळी भावंडंही एकेक करून पुसली. तिची मूठ माझ्याभोवती इतकी घट्ट होती की दांड्यावरचा रंगाचा पोपडा निघाला.

लग्नाचा दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळी फिलोमीनाने बाळ येशूची छोटी मूर्ती कुंपणाखाली नेऊन ठेवली होती, लग्नाला ऊन पडावं म्हणून; इथली रीतच ती. ऊन पडलं होतं. घरात हॅम सँडविचची ताटं, केसांच्या फवाऱ्याचा वास, कुणाचा तरी एक बूट हरवलेला. गॉलवेची बाई बैठकीत ऑर्लाला घेऊन बसली. दुसऱ्या करवलीचं झालं होतं.

"आता तुम्ही या," ती नूलाला म्हणाली.

"माझं मी करीन," नूला म्हणाली, आणि न्हाणीघरात शिरून तिने कडी लावली.

लग्न एक वाजता. तेव्हा साडेदहा झाले होते.

तिने फाउंडेशन लावलं. डावीकडे छान बसलं. उजवीकडे डोळा मिटत नव्हता, त्यातून पाणी गळत होतं, आणि पाण्याने गालावर एक ओघळ कोरला. तिने टिपलं, पुन्हा लावलं. पुन्हा ओघळ. पापणीला काजळाची रेघ ओढली, ती मलमावरून घसरली. मग ओठ. उजवा कोपरा खाली झुकलेला, म्हणून तिने रंग जरा वर चढवला, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. ओठ स्थिर असताना सारख्या दिसल्या. तिने "ऑर्ला" म्हणून पाहिलं आणि रंगवलेला ओठ एकीकडे, खरा ओठ दुसरीकडे गेला. तिने पुसलं. पुन्हा रंगवलं. तिसऱ्यांदा पुसलं तेव्हा हनुवटीपर्यंत लाल झालं होतं.

मग तिने मला घेतलं. आरशात स्वतःकडे पाहून तिने, सवयीनेच, तोंडातल्या तोंडात म्हटलं, "हस बघू."

डावा गाल उचलला गेला. मी त्यावर फिरलो, उबदार, ओळखीचा गाल. मग उजवीकडे आलो. तिथे उंचवटा नव्हता. गाल उबदारच होता, कातडी तीच, पण खालून कुणी उत्तर देत नव्हतं. मी हजारो गालांवर फिरलोय. इतकं एकटं मला कधी वाटलं नाही. मी तिथेच थबकलो, कारण तिचा हात थबकला होता.

आणि तिने मला फेकलं. मी न्हाणीच्या टबात आपटलो. कडं सैल झालं ते तेव्हा. पाचसात केस गळून पडले.

ती जमिनीवर बसली होती. आवाज येऊ नये म्हणून टॉवेल तोंडात धरून रडत होती.

दार वाजलं. "नूला?" ऑर्ला होती.

"दुसरीला मुख्य करवली कर. मी येत नाही."

बाहेर झग्याची सळसळ. ऑर्ला दाराला टेकून खाली बसली असावी, पांढऱ्या झग्यानिशी.

"डावीकडून फोटोचं मी बोलले ना, ते मूर्खासारखं होतं."

"खरं होतं."

"अगं, त्या सकाळी आई फोनवर किंचाळली तेव्हा मला वाटलं तू मेलीस. आठ मिनिटं मला तसंच वाटत होतं, बाबांचा फोन येईपर्यंत. तेव्हापासून तुझ्याकडे बघितलं की तेच आठवतं. म्हणून बघत नव्हते. फोटोचं काहीतरी बडबडले."

नूलाने टॉवेलने हनुवटीवरचा लाल रंग पुसला.

"मी लग्न थांबवणार नाही हं," ऑर्ला म्हणाली. "सिनेमातल्यासारखं म्हणणार नाही, तुझ्याशिवाय लग्न नाही म्हणून. फिंटन आवडतो मला. मी चर्चला जाणार. पण सहीची तुझी जागा कुणाला देणार नाही. रिकामी ठेवीन. मग लग्न लागलं की नाही ते सरकार बघून घेईल."

नूलाच्या घशातून एक आवाज आला. हसणं होतं की हुंदका, मला टबातून कळलं नाही.

"जा तू," ती म्हणाली. "झगा चुरगळेल."

ऑर्ला गेली. नूला बराच वेळ तशीच बसून राहिली. मग उठली आणि तोंड धुतलं, सगळं, अगदी डावीकडचंसुद्धा. मला टबातून उचललं. कडं अंगठ्याने दाबून धरलं.

दुसऱ्यांदा तिने फार काही केलं नाही. पातळ थर, उजव्या डोळ्याला काहीच नाही, ओठांवर रंग जिथे ओठ आहेत तिथेच. शेवटी डाव्या हाताचं बोट उजव्या गालाखाली घालून तिने तो वर उचलून धरला, आणि त्या उचललेल्या जागेवर मला फिरवलं. बोट काढलं. गाल खाली आला. रंगही त्याच्याबरोबर खाली आला. तिने आरशात पाहिलं. चांगलं दिसत नव्हतं. साडेबारा वाजले होते.

मला छोट्या पर्समध्ये टाकून ती बाहेर पडली. कॉन्सेप्टा दारात होती. "अरे देवा," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला पुढे काही सुचलं नसावं.

चर्चमध्ये पर्स मॅटीच्या मांडीवर होती, म्हणून मी फक्त ऐकलं. नूला पाठ वाचायला उभी राहिली. पहिल्याच ओळीत तीन शब्द वाहून गेले. मागे एक पोर खुदकन हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही, की मॅटीचा श्वास अडकलेला मला कळला. आणि मग तिचा आवाज आला, स्पष्ट. प होता, ब होता, म होता. ती सगळा पाठ वाचून गेली.

तिने काय केलं ते मला नंतर कळलं. सही करायला बाजूच्या खोलीत जाताना तिने मॅटीकडून पर्स घेतली, तिथे छोटा आरसा काढला आणि मला बाहेर घेतलं. उजव्या गालावर, ओठाच्या कोपऱ्यापाशी, बोटाएवढी जागा रंग पुसून कोरी झाली होती. दोनशे माणसांसमोर तिने बोटाने आपला ओठ उचलून धरला होता, आणि तसंच वाचलं होतं. मी तयार होतो. तिने त्या जागेकडे पाहिलं, मला परत पर्समध्ये ठेवलं, आणि सही केली.

संध्याकाळभर बायका म्हणत होत्या, बहिणीसाठी किती रडली पोरगी. रडत नव्हती ती. तो डोळा मिटत नव्हता, एवढंच. ज्या वेळी ती रडली त्या वेळी टॉवेल होता आणि मी होतो.

यालाही आता चार महिने झाले. डॉक्टरांच्या बहुतेकांत नूला अर्धीच बसली. डोळा मिटतो, पण मिटताना ओठ ओढला जातो. चहा सांडत नाही. काउंटरवर आता ती औषधं देते, प्रसाधनं दुसरी मुलगी बघते. मागच्या आठवड्यात शेजारची एक आई विचारायला आली होती, "मुलीला शाळेच्या मेजवानीसाठी तयार करशील का?" नूला म्हणाली, "हल्ली मी करत नाही." दार लावून ती इथे आली, नळ सोडला आणि बराच वेळ नुसती पाण्याकडे बघत राहिली. मला तिने हातही लावला नाही.

नूला, तू मला ऐकत नाहीस हे मला माहीत आहे. तरी सांगतो. मला पुन्हा कुणाच्या गालावर फिरव असं मी म्हणत नाही, तुझ्यासुद्धा नाही. पण तुला ठाऊक आहे, रंग केसांत सुकून राहिला की केस ताठ होतात आणि मुळाशी मोडतात. रोज एखादा मोडतोय. तो नळ एकदा माझ्यावर सोड. कोमट पाणी, थोडा साबण, तळव्यावर गोल गोल, तू नव्या मुलींना शिकवायचीस तसं. तो दिवस माझ्यातून वाहून जाऊ दे. मग हवं तर मला टाकून दे. मी स्वच्छ होऊन जाईन.