वळचणीखालची बिनरंगाची भिंत

मी एक वटवाघूळ बोलतोय. अहो, दचकता काय, मूठभर तर आहे मी! पाठीवर दोन पांढऱ्या नागमोडी रेघा आणि दोन्ही पंखांत एकेक इवली पिशवी, एवढीच माझी इस्टेट. रोज दुपारी मी त्या पिशव्या साफ करून त्यांत ताजा वास भरतो. तो कशाचा बनवतो ते विचारू नका. आमच्या बायकांना आवडतो, बास!

कोस्टा रिकातल्या एका गाईगुरं पाळणाऱ्या कुटुंबाच्या घरामागे, वळचणीखालच्या भिंतीवर आमचं बिऱ्हाड. माझा जन्मही तिथलाच. मालकीणबाई हर्मेलिंडा, सगळ्यांच्या 'दोन्या' म्हणजे बाईसाहेब, दुपारची कॉफी घेत आमच्याकडे बघत बसायच्या. जावई विल्बर्थ नटूनथटून नाचाला निघाला की म्हणायच्या, "जावईबापू, अत्तर जरा बेतानं! भिंतीवरचा तोसुद्धा एवढं लावत नाही."

एके दिवशी गाईच्या मानेवर रक्ताचे ओघळ दिसले आणि विल्बर्थचं डोकं फिरलं. रक्त पिणारे आमचे भाऊबंद निराळे, ते रानातल्या पोकळ झाडांत राहतात. आम्ही आपले किडे खाणारे. पण त्याच्या लेखी सगळी वटवाघळं सारखीच. काठीला रॉकेलची चिंधी बांधून तो आला.

"दोन्या, बाजूला व्हा. आज सगळ्यांना धुरी देतो."

"अहो, दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असतात ती. गाईला चावली कधी?"

"तुम्ही झोपल्यावर!"

आम्ही उडालो असतो, पण आमच्या पिल्लाला अजून उडता येत नव्हतं. ते बिचारं रोजच्यासारखं माझ्या गाण्याचे तुकडे तोंडात घोळवत बसलं होतं. विल्बर्थनं काडी काढली, तोच झोळीतून त्याची तान्ही लेक ओरडली, "बा-बा-बा!" पिल्लू थबकलं आणि पुन्हा बडबडू लागलं. झोळीतूनही पुन्हा उत्तर आलं.

विल्बर्थचा हात तसाच राहिला. "हे... बोलायला शिकतंय?"

"मग! तुमच्या लेकीसारखंच," दोन्या म्हणाल्या. "बाप समोर बसून शिकवतोय बघा."

त्यानं चिंधी धुण्याच्या हौदात बुडवली. दुसऱ्या दिवशी गोठ्याला जाळी ठोकली.

आता माझे पंख विरलेत, पिशव्यांना पूर्वीचा वास उरला नाही. शेजारच्या कोपऱ्यात तेच पिल्लू जाणतं होऊन माझं गाणं गातं. या घराचे उपकार मी कसे फेडू?

यंदा नाताळाआधी विल्बर्थनं सगळं घर निळं रंगवलं. फक्त वळचणीखालचा आमचा पट्टा तसाच सोडला. शेजारी हसले, "काय रे, रंग संपला?"

"नाही हो," विल्बर्थ म्हणाला, "तिथं शाळा भरते."