सदतीसवर नाबाद

अंबूआत्याला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि सगळ्या घोटाळ्याचं मूळ तेच. तिच्या लेखी खेळ म्हणजे कुस्ती. अंधार पडला की पंच दोघांचे हात वर करणार, बरोबरीत सुटली म्हणणार आणि माणसं धोतरं झटकून घरी जाणार. तीच कुस्ती उद्या सकाळी परत तिथूनच पुढं धरायची, असलं खूळ तिनं साठ वर्षांत सांगलीत बघितलं नव्हतं.

शहात्तर सालच्या फेब्रुवारीतला तो शनिवार. चार संघांच्या, त्यातले दोन परदेशातले, अशा महिला चषकाचा अंतिम सामना. एकीकडं आपल्या निवडक मुली, दुसरीकडं न्यूझीलंडच्या धिप्पाड पोरी. त्यांनी केल्या एकशे बेचाळीस. आपल्या आठजणी बाद होऊन एकशे एकोणतीस झाल्या आणि चेंडूच दिसेनासा झाला. पंचांनी कप्तानांना विचारून ठरवलं, उरलेला डाव उद्या नऊला. जिंकायला हव्यात चौदा. विजयमाला सदतीसवर नाबाद आणि जोडीला तिची शाळेपासूनची मैत्रीण जैनब.

आणि रविवारी संध्याकाळी, गोरज मुहूर्तावर, विजयमालाचं लग्न! आता हसा. पण घरच्यांनी नीट विचार करूनच ठरवलं होतं हो. शनिवारी सामना, रविवारी अक्षता, दोन्ही कामं सुटसुटीत. सामना रविवारवर सांडेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

पोरगी घराकडं आली ती पळतच. कधी एकदा बापाला सांगते असं तिला झालं होतं. बाप नाथाजी, फौजेतून सुभेदार म्हणून आलेला, आता हळदीच्या वखारीत मुकादम. त्यानंच परसात गोणपाट अंथरून, चार खिळे ठोकून तिला चेंडू टाकले होते. गल्ली हसत होती तेव्हा हा टाकतच होता. पण ती दारात आली तर पुढच्या सोप्यात पाट मांडलेला, भोवती बायका, आणि नवऱ्या मुलाची मनुआत्या पाटणहून एस.टी.नं उष्टी हळद घेऊन आलेली.

"दिवेलागणीच्या आत लावायची हाय गं, बस खाली," म्हणत अंबूआत्यानं तिला बुटांसकट पाटावर बसवलं.

"आत्ये, थांब की! उद्या सकाळी माझा..."

"सुटली न्हवं बरोबरीत? मग आता बडबड नगं."

आणि दोन्ही गाल पिवळे. मग हात, मग पाय. बायकांनी गाणं धरलं, त्यात पोरीचा आवाज कुठल्या कुठं बुडाला. शेवटी मनुआत्या पुढं झाली. बाई तोंडानं कमी, डोळ्यांनी जास्त बोलणारी. तिनं टोकाला लिंबू खोचलेली एक लहान सुरी विजयमालाच्या मुठीत दिली आणि म्हणाली, "ही हातातनं सोडू नगंस बरं का, पोरी." एवढंच. पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली.

पोरीनं स्वयंपाकघरात बापाला गाठून सगळं सांगितलं तेव्हा नाथाजीचा चेहरा उतरला. त्या घरची रीत अशी, की हळद लागली की अक्षता पडेपर्यंत नवरीनं उंबरा ओलांडायचा नाही. अंबूआत्यानं नाही ओलांडला, तिच्या आईनं नाही ओलांडला.

"मला काय ठावं, ह्यांचा खेळ शिळा करून दुसऱ्या दिवशी खात्यात ते!" आत्या रडकुंडीला आली. चूक तिलाही कळली होती. पण लावलेली हळद काय पुसून काढायची?

"दादा, चौदाच धावा हायत," विजयमाला म्हणाली. "नऊला जाते, दहाच्या आत घरात."

नाथाजीनं सोप्याकडं बघितलं. आवाज खाली आणला. "पावणी घरात बसलीया, पोरी. तिच्या डोळ्यांदेखत तुला उंबऱ्याभाईर धाडली, तर पाटणात काय तोंड दाखवू? लगीन मोडलं म्हंजी?"

दोन लढाया बघितलेला माणूस एका म्हाताऱ्या पाहुणीला भ्याला. काय म्हणावं!

सकाळी आठला जैनब दारात. पांढरे कपडे, हातात बॅट, डोळे सुजलेले. हळदीची बातमी रात्रीच गल्लीभर झाली होती, म्हणून कप्तानानं तिला धाडलं होतं.

"काका, ही न्हाई आली तर बादच धरणार. मग मी आन शेवटची, दोघीच. आन तिला तर बॅट कशी धरायची तेबी... सोडा की वो हिला. तासाभराचं काम हाय."

सोप्यात मनुआत्या सुपात अक्षतांचे तांदूळ निवडत होती. विजयमालानं बापाकडं बघितलं, बापानं चोरून मनुआत्याकडं बघितलं. मनुआत्यानं विजयमालाकडं बघितलं, चांगलं निरखून बघितलं, आणि पुन्हा तांदळात मान घातली. झालं, बापलेकींना वाटलं ही नापसंतीच. जैनब एकटीच गेली.

मैदान गल्लीच्या टोकाला होतं. कर्ण्यातला शब्द न् शब्द घरात ऐकू येत होता आणि तेच वाईट. ऐकूच आलं नसतं तर बरं झालं असतं. विजयमाला खिडकीशी उभी राहिली, गज कपाळाला टेकवून. एका मुठीत गज, दुसऱ्या मुठीत सुरी. हळद वाळून अंगाला ताणत होती.

"विजयमाला मैदानात हजर नाहीत," कर्णा म्हणाला. "त्यांना बाद धरण्यात येत आहे."

तिला आत्याचा राग आला. बापाचा त्याहून आला. ज्यानं बघायला येऊन नुसते पोहे खाल्ले आणि एक शब्द विचारला नाही, त्या पाटणच्या मानसिंगचा आला. पण सगळ्यांत जास्त आला तो स्वतःचाच. सोपा दहा पावलांवर होता. जाऊन विचारावं, मनुआत्या, मी जाऊ का? दोनदा ती वळली. दोनदा शब्द ओठांपर्यंत आले आणि तिनं ते गिळले. सासरच्या माणसाशी पहिलंच बोलणं असलं कसं बोलायचं? वेगवान चेंडूला पाय न हलवणारी पोर तिथं डगमगली.

जैनबनं चौकार मारला. गल्ली ओरडली. मग एक, मग दोन, मग शेवटच्या पोरीच्या बॅटची कड लागून आणखी एक. एकशे सदतीस. एकशे एकोणचाळीस. खिडकीत उभ्या विजयमालाचे पाय आपोआप पळायला बघत होते. एकशे चाळीस. परसात नाथाजी बादली उचलत होता आणि पुन्हा तिथंच ठेवत होता.

"जैनब यांनी चेंडू मारला... एक धाव पूर्ण... दुसरीसाठी वळल्या..."

"नगं गं!" विजयमाला ओरडली. "ती पळत न्हाई दुसरी! मी न्हाई तिथं!"

कर्णा म्हणाला, शेवटची खेळाडू धावबाद. एकशे एक्केचाळीस. पाहुणा संघ एका धावेनं विजयी.

सोप्यातून मनुआत्याचा आवाज आला. "हारल्या व्हय?"

"व्हय," नाथाजी म्हणाला. "एका धावंनं."

मनुआत्यानं सूप बाजूला सारलं. ती उठून खिडकीपाशी आली. "मग तू का गेली न्हाईस गं?"

"आवं, अंगाला हळद न्हवं का!" अंबूआत्या पुढं सरसावली. "तुमच्या म्होरं आमी रीत मोडू व्हय?"

"मग मी सुरी कशापायी दिली?" मनुआत्या म्हणाली. "आमच्याकडं हळदीच्या अंगानं पोरी हिरीवर जात्यात, शिवारात जात्यात. हातात लोखंड असलं म्हंजी झालं. सकाळधरनं वाट बघतीया मी, ही आता उठंल, मग उठंल. म्हटलं, हितली रीत लय कडक दिसतीया. पावण्यानं तोंड कसं घालावं?"

"आमी तुमालाच भ्यालो, आक्का," नाथाजी म्हणाला.

"मला? आन मी तुमाला!" म्हातारीचे डोळे भरून आले. "एक डाव इचारायचं तरी हुतं रं. कुणीतरी इचारायचं."

विजयमालानं मूठ उघडली. सुरीच्या मुठीचा वळ तळहातावर लालभडक उठला होता. तेवढ्यात गल्लीतून जैनब येताना दिसली. एकटीच, बॅट जमिनीवरून ओढत, दर चार पावलांना मनगटानं डोळे पुसत.

विजयमालानं सुरी पुन्हा घट्ट धरली. ती सोप्यातून चालत गेली, दारात आली आणि उंबऱ्यावरून पाय टाकून बाहेर पडली. आत्या होती, बाप होता, मनुआत्या होती. तिला कुणीच अडवलं नाही.