आधी हात धू

"डॉक्टर, माझा मुलगा आला का हो?"

सायकल दुरुस्तीवाल्यानं मागे वळून पाहिलं. खोलीत डॉक्टर नव्हतेच. कडक इस्त्रीचा शर्ट, चोपून बसवलेला भांग, साबणानं घासघासून लाल झालेले हात, असा तो एकटाच आईसमोर बसला होता.

"अगं, मीच तो."

"म्हाताऱ्या माणसाची चेष्टा करू नका," असं म्हणून आईनं तोंड फिरवलं.

मेंदूचा झटका येऊन गेल्यापासून तिला ना चेहरे ओळखू येत होते, ना आवाज. तिला शुश्रूषागृहात ठेवल्यापासून तो दर रविवारी असा नटूनथटून यायचा आणि परका होऊन परत जायचा. जन्मभर तिनं त्याच्यामागे एकच धोशा लावला होता: दुकानातून आलास की आधी हात धू. पंक्चरच्या सोल्युशनचा आणि ग्रीसचा वास तिच्या डोक्यात जायचा. आता तरी तिला त्रास नको, म्हणून हा शहाणा दुकानाचा मागमूसही अंगावर ठेवत नसे.

पुढच्या रविवारी फाटकातच तिथली एक सिस्टर आपल्या पंक्चर झालेल्या सायकलपाशी हताश उभी दिसली. हा हाडाचा कारागीर, त्याला राहवेना. बाह्या सरसावून, तिच्या सीटखालच्या पिशवीतलं पंक्चरचं सामान काढून तो तिथंच फतकल मारून बसला. पंक्चर निघालं, घसरलेली चेनही बसली, पण भेटीची वेळ संपत आली होती. तो तसाच आत पळाला. सिस्टर मागोमाग आली.

आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिनं मान वळवली नाही, नुसतं नाक आक्रसलं.

"आलास का रे? आधी हात धू."

तो दारातच थबकला. आपल्या काळ्या हातांकडे पाहू लागला.

सिस्टर हळूच म्हणाली, "वासाचं असंच असतं, काका. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं आठवणीपर्यंत पोचायला वळसे घेतं. वास जवळच्या वाटेनं जातो."

"म्हणजे इतके दिवस मीच मला धुऊन टाकत होतो की!"

"काय कुजबुजताय? धुतलेस का?" आई खेकसली.

"धुतो गं!"

कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ त्यानं मोठा सोडला. पाणी नुसतंच वाहू दिलं. मग नळ बंद करून, काळे हात तसेच घेऊन तो तिच्याशेजारी बसला. तिनं चाचपडत त्याचा हात धरला, नाकाशी नेला.

"अजून येतोयच मेला," ती पुटपुटली. पण हात काही सोडला नाही.